बोटीच्या इंजिनाची ताकद

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी पुष्कळ आहे. पुसदजवळ पूस धरण आहे. दिग्रसजवळ अरुणावती, बाभूळगावकडे बेंबळा आणि दक्षिणेला पैनगंगेवरचे इसापूर धरण आहे. या जलाशयांच्या काठावर तुम्ही मासेमारीच्या नावा पाहिल्या असतील. त्या बहुतेक वल्ह्यांनी चालतात. पाणी कापत धावणारी मोटरबोट पाहायला मात्र सहलीची वाट बघावी लागते.

एकदा आमच्या शाळेची सहल रामटेकला गेली होती. तेथे खिंडसी नावाचा मोठा तलाव आहे. तलावात मोटरबोटीची फेरी मारता येते. आम्ही सर्वांनी जाकिटे घातली आणि बोटीत बसलो. बोटवाल्या काकांनी दोरी ओढून इंजिन सुरू केले. बोटीचे नाक वर उठले आणि थंड पाण्याचे तुषार तोंडावर आले. मुले ओरडू लागली. माझ्या शेजारी आठवीतला एक मुलगा बसला होता. तो काही ओरडत नव्हता. तो मागे वळून इंजिनाकडे पाहत होता. बोट काठाला लागताच त्याने विचारले,

"काका, हे इंजिन किती ताकदीचे आहे?"

"चाळीस हॉर्सपॉवरचे."

"ऐंशीचे बसवले तर बोट दुप्पट पळेल का?"

काका हसले. म्हणाले, "बाळा, इंजिन ऐंशीचे आणशील. पण हा पंखा? ही मागची फळी? ही बोट? त्यांना विचारलेस का?"

एवढे बोलून ते दुसऱ्या लोकांना बसवायला निघून गेले. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी वाचले, गॅरेजमध्ये जाऊन दोन-तीन उस्तादांना विचारले. त्या मुलाला जे सांगायचे राहिले, तेच आज तुम्हांला सांगतो.

प्रथम ताकद मोजायची कशी ते पाहू. समजा, एका बादलीत पंधरा लिटर पाणी आहे. अशा पाच बादल्यांचे वजन पंचाहत्तर किलोग्रॅम झाले. हे वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलले, तर तेवढ्या कामाच्या वेगाला साधारण एक अश्वशक्ती म्हणतात. हे माप जेम्स वॉट या स्कॉटिश यंत्रज्ञाने रूढ केले. त्या काळी गिरणीत आणि खाणीत घोडे काम करत. वॉटची वाफेची यंत्रे विकत घेणारे लोक विचारत, "हे यंत्र किती घोड्यांचे काम करील?" म्हणून त्याने घोड्याचे माप धरले. आता घोडे गेले, पण माप राहिले. आपण आजही हॉर्सपॉवर म्हणतो. विजेच्या मापात एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट.

आता इंजिनाच्या आत डोकावू. इंजिनात एक गोल पोकळ नळा असतो. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात पिस्टन वर-खाली सरकतो. पिस्टन खाली गेला की हवा आणि पेट्रोल आत ओढले जाते. तो वर आला की ते मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते, वायू फुगतो आणि पिस्टनला जोराने खाली ढकलतो. पिस्टन पुन्हा वर येतो आणि धूर बाहेर टाकतो. या चार हालचालींत ढकलणारी हालचाल एकच असते. बाकीच्या तीन तिची तयारी आणि आवराआवर करण्यासाठी असतात.

पिस्टन सरळ रेषेत वर-खाली होतो, पण पंखा तर गोल फिरायला हवा. हे काम वाकड्या दांड्याचे, म्हणजे क्रँकचे. ही युक्ती फार जुनी आहे. अल्-जझरी नावाचे मोठे यंत्रज्ञ दियारबकर येथील दरबारात होते. त्यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रांवरील ग्रंथात पाणी उपसण्याच्या एका पंपाचे चित्र आहे. त्यात फिरणाऱ्या चाकाची गती दोन दट्ट्यांच्या मागे-पुढे सरकण्यात बदलते. आपल्या बोटीत याच्या उलट घडते. दट्ट्या सरकतो आणि दांडा फिरतो.

मग इंजिनाची ताकद कशावर अवलंबून असते? पिस्टनला एका वेळी किती जोराचा धक्का बसतो आणि एका मिनिटात असे किती धक्के बसतात, या दोन गोष्टींवर. इंजिनाची ताकद वाढवणारे सगळे लोक या दोहोंपैकी एक तरी वाढवतात.

शेतातल्या विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन आठवा. पुण्याची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली सुरू झाली, आणि अशी इंजिने महाराष्ट्रातील गावोगावी पोहोचली. पाच हॉर्सपॉवरचे हे इंजिन दोन माणसांनाही उचलत नाही. उलट बोटीला मागे लावायचे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन एक माणूस हातात उचलून काठावर आणतो. ताकद तेवढीच, मग वजनात एवढा फरक का? ऑईल इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेरे फिरते आणि त्याला दोन फेऱ्यांत एकदा धक्का बसतो. म्हणजे मिनिटाला ७५० धक्के. बोटीचे जुन्या पद्धतीचे इंजिन प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देते, आणि फेरे ५००० असतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ५००० धक्के! धक्के लहान, पण पुष्कळ. म्हणून इंजिन लहान असूनही काम तेवढेच होते. अर्थात ऑईल इंजिन वर्षानुवर्षे तक्रार न करता चालते, हेही विसरू नका. अशा घाईच्या इंजिनाला तेवढे आयुष्य नसते. शिवाय प्रत्येक फेऱ्याला धक्का देणाऱ्या जुन्या इंजिनातून थोडे पेट्रोल आणि तेल न जळताच पाण्यात जाते. धरणाचे पाणी लोक पितात. म्हणून आता चार हालचालींचीच इंजिने बोटींनाही अधिक पसंत केली जातात.

धक्का मोठा करायचा असेल तर सिलिंडर रुंद करावा लागतो. समजा, सिलिंडरचा व्यास ६० मिलिमीटर आहे. तो ६६ केला. वाढ दहा टक्के दिसते. पण धक्का वर्तुळाच्या क्षेत्रफळावर बसतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गणित करून पाहा. क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे गॅरेजमध्ये घासलेला सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करतात आणि मोठा पिस्टन घालतात. त्याला 'बोअर करणे' म्हणतात. पण तो बदल एखाद्या मिलिमीटरचा असतो. सहा मिलिमीटर कापायला गेलात तर सिलिंडरची भिंतच उरणार नाही. तेवढे वाढवायचे म्हणजे नवे इंजिनच बनवावे लागते.

धक्के वाढवायचे तर फेरे वाढवावे लागतात. येथेही एक दुखणे आहे. पिस्टन प्रत्येक टोकाला थांबतो आणि उलट फिरतो. फेरे ५००० वरून ६००० केले, तर या थांबण्या-उलटण्याचा ताण ५ ते ६ या प्रमाणात वाढत नाही. तो २५ ते ३६ या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ दीडपट होतो. एक उस्ताद मला म्हणाले, "सर, इंजिन फुटते ते ताकदीने नाही, घाईने." मला हे वाक्य फार आवडले.

तिसरा मार्ग हवेचा आहे, आणि तो मला सर्वांत मजेदार वाटतो. लोकांना वाटते की जास्त पेट्रोल ओतले की जास्त ताकद मिळते. तसे नाही. एक किलोग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचा हिशोब केला, तर सुमारे नऊ हजार लिटर हवा झाली. एका लहान खोलीत मावेल एवढी हवा एका बाटलीभर पेट्रोलसाठी! पेट्रोल ओतणे सोपे आहे. एवढी हवा एवढ्या थोड्या वेळात आत घेणे अवघड आहे. म्हणून चांगले कारागीर हवेची वाट मोकळी करतात. झडपा मोठ्या करतात, नळ्यांचे वळण सुधारतात. काही इंजिनांत बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरवून हवा आत कोंबतात. तिला टर्बो म्हणतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ असते. थंडीतल्या १५ अंशांच्या हवेपेक्षा तिच्यात सुमारे नऊ टक्के कमी माल असतो. म्हणून तेच इंजिन मे महिन्यात दुपारी थोडे मंद चालते. उन्हात आपणही मंदच चालतो!

मिश्रण अधिक दाबले तरी ताकद वाढते. पण पेट्रोल जरुरीपेक्षा जास्त दाबले, तर ते ठिणगीची वाट न पाहता भलत्या वेळी पेटते आणि इंजिन आतून ठोके मारू लागते. असे ठोके चालू राहिले तर पिस्टनला भोक पडते.

समजा, हे सर्व साधले आणि ऐंशी हॉर्सपॉवरचे इंजिन तयार झाले. आता काकांचा पहिला प्रश्न येतो. पंख्याचे काय?

बोटीचा पंखा पाण्यात स्क्रूसारखा शिरतो. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तसेच पंख्याचेही एका फेऱ्याचे अंतर असते. समजा, ते ३८ सेंटिमीटर आहे. इंजिनाचे ५००० फेरे गिअरमुळे निम्मे होऊन पंखा २५०० फेरे फिरतो. म्हणजे मिनिटाला ९५० मीटर, ताशी ५७ किलोमीटर. पाणी लाकडासारखे घट्ट नसते. पंखा त्यात थोडा घसरतो, म्हणून खरा वेग याहून कमी असतो.

पंखा फार जोराने फिरवला तर काय होते, याची एक खरी हकिगत आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स या यंत्रज्ञाने १८९४ साली 'टर्बिनिया' नावाची बारीक, लांब नौका पाण्यात सोडली. तिच्यात त्याने स्वतः शोधलेले नवे, अत्यंत बलवान वाफेचे टर्बाईन बसवले होते. सर्वांना वाटले, ही नौका वाऱ्यासारखी पळेल. पण ती अपेक्षेइतकी पळेना. इंजिन तर जोरात फिरत होते, मग ताकद जात होती कोठे? पार्सन्सने पाण्याची एक पेटी बनवून तीत लहान पंखा फिरवून पाहिला. पात्यांच्या पाठीवर पाण्याचा दाब इतका कमी होत होता की, न तापवताच पाणी उकळून त्याचे बुडबुडे होत होते. पंखा पाण्याला ढकलत नव्हता, बुडबुड्यांत नुसता फिरत होता. हेच बुडबुडे फुटताना धातूलाही खड्डे पाडतात. मग पार्सन्सने एका दांड्याच्या जागी तीन दांडे बसवले आणि प्रत्येकावर तीन पंखे, असे नऊ पंखे लावले. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षानिमित्त ब्रिटिश आरमाराचे संचलन होते. तेथे ही छोटी नौका ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने धावली. तिला गाठेल अशी एकही नौका तेथे नव्हती.

काकांचा दुसरा प्रश्न फळीचा होता. बोटीला मागे टांगायचे इंजिन लोकप्रिय केले ते ओले एव्हिनरूड याने. तो नॉर्वेत जन्मला आणि अमेरिकेत वाढला. सांगतात की, एकदा तळ्याकाठी सहलीला गेले असता तो वल्ही मारत दूरवरून आईस्क्रीम आणायला गेला. परत येईपर्यंत आईस्क्रीम वितळून गेले होते! १९०९ साली त्याने विकायला काढलेले इंजिन दीड हॉर्सपॉवरचे होते आणि त्याचे वजन सुमारे २८ किलोग्रॅम होते. २०२१ साली एका कंपनीने असेच मागे लावायचे ६०० हॉर्सपॉवरचे इंजिन बाजारात आणले. पण ते लहान बोटीला लावता येत नाही. इंजिनाचे सगळे वजन आणि सगळा धक्का मागच्या फळीवर येतो. वजन जास्त झाले की बोटीची मागची बाजू खाली बसते आणि लाट आत शिरते. एकदम वेग दिला तर नाक हवेत उठून बोट उलटूही शकते. म्हणून अनेक बोटींवर एक पट्टी लावलेली असते. तिच्यावर किती माणसे बसवावीत आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरचे इंजिन लावावे, हे लिहिलेले असते. बोटीत बसताना ती पट्टी वाचत जा.

आता त्या मुलाचा मूळ प्रश्न. ऐंशी हॉर्सपॉवर लावली तर वेग दुप्पट होईल का? नाही. पाण्यात बसून चालणाऱ्या जड नावेला दुप्पट वेग द्यायचा, तर साधारण आठपट ताकद लागते. वेगवान बोट पाण्यावर उठून घसरत जाते, म्हणून तिची सुटका थोडी स्वस्तात होते. तिलाही दुप्पट वेगासाठी चौपट ताकद लागते. ताकद दुप्पट केली, तर ताशी ४० किलोमीटर जाणारी बोट फार तर ५६ पर्यंत जाईल. तेही नव्या इंजिनाचे वजन वाढले नाही तर. सहलीच्या बोटीत एवढ्या सोळा किलोमीटरसाठी जवळपास दुप्पट पेट्रोल जाळायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

पण एक वेळ अशी येते की, तेथे हीच ताकद जीव वाचवते. २०२३ साली २२ जुलैला आपल्या जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला. महागाव तालुक्यात आनंदनगर येथे माणसे पाण्याने वेढली गेली. त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. अशा पुरात बचाव पथके रबरी बोटी घेऊन उतरतात. त्या बोटींच्या मागे सहलीच्या बोटीसारखेच इंजिन असते.

एक गणित करा. पुराचे पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहत आहे. वल्ह्यांची नाव शांत पाण्यात सेकंदाला दीड मीटर जाते. ती प्रवाहाविरुद्ध गेली तर? ती मागेच वाहत जाईल. मोटरबोट शांत पाण्यात ६ मीटर जाते. ती प्रवाहाविरुद्ध ३ मीटरने पुढे सरकेल आणि ६०० मीटर अंतर २०० सेकंदांत कापेल. आता तिच्यात आठ माणसे बसली. बोट खाली बसली आणि तिचा वेग ६ वरून ४ मीटर झाला. प्रवाहाविरुद्ध आता सेकंदाला १ मीटरच उरला. तेच ६०० मीटर कापायला ६०० सेकंद लागतील. वेग एक तृतीयांशाने घटला आणि वेळ तिप्पट झाला.

म्हणून बचावाच्या बोटीला पळण्याचा नव्हे, ओढण्याचा पंखा लावतात. त्याचे एका फेऱ्याचे अंतर ३८ ऐवजी २८ सेंटिमीटर असू शकते. घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, तसेच हे. रिकाम्या बोटीचा सर्वांत जास्त वेग कमी होतो, पण भरलेल्या बोटीत इंजिन दबून जात नाही. इंजिन तेच चाळीस हॉर्सपॉवरचे. नुसता पंखा बदलला, आणि जी ताकद वाया जात होती ती पाण्यापर्यंत पोहोचली.

आणखी एक गोष्ट राहिली. पेट्रोलमधल्या उष्णतेचा फार तर तिसरा हिस्सा पंख्यापर्यंत जातो. बाकीची उष्णता धुरात आणि इंजिनाच्या अंगात जाते. बोटीचे इंजिन थंड ठेवायला एक छोटा रबरी पंप तलावाचेच पाणी वर ओढतो. ते पाणी इंजिनातून फिरून मागे बारीक धारेने बाहेर पडते. खिंडसीच्या त्या बोटीलाही अशी धार होती. आम्हां सर्वांना ती गळती वाटली! पुराच्या पाण्यात कडबा, पाने, प्लॅस्टिकच्या पिशव्या वाहून येतात आणि पाणी ओढणारे भोक बुजते. धार थांबली की इंजिन, मग ते चाळीसचे असो वा ऐंशीचे, काही मिनिटांत तापून जाम होते. म्हणून बोट चालवणारा एक डोळा समोरच्या पाण्यावर आणि दुसरा मागच्या त्या बारीक धारेवर ठेवतो.

स्वाध्याय

१. बोटवाल्या काकांनी मुलाला कोणते तीन प्रश्न विचारले?

२. 'टर्बिनिया' नौका प्रथम अपेक्षेइतकी का पळाली नाही? पार्सन्सने कोणता बदल केला?

३. "इंजिन फुटते ते ताकदीने नाही, घाईने," असे उस्ताद का म्हणाले? तुमच्या शब्दांत लिहा.

४. पुराचा प्रवाह सेकंदाला २ मीटर आहे. शांत पाण्यात सेकंदाला ५ मीटर जाणारी बोट प्रवाहाविरुद्ध ९०० मीटर अंतर किती वेळात जाईल?

५. ताकद, उस्ताद, वजन, हवा, जोर हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

६. तुमच्या गावातील एखाद्या गॅरेजमध्ये जा. 'बोअर करणे' म्हणजे काय ते उस्तादांकडून पाहून घ्या आणि आठ ओळींत लिहा.